कुंपणावरचा एल्म

हॅलो?… हॅलो, बाबा?… हो, लारिसाच बोलतेय. माझ्या फोनवर आणखी कोण बोलणार?… कामावर. दातांच्या दवाखान्यात, अजून कुठे असणार मंगळवारी?… नाही, नाही, बोला. पण पटकन बोला. बाहेर पेशंट गाल धरून बसलेत.

काय सापडत नाही?… करवत? कुठली करवत?… मशीनची! बाबा, बाहेर एवढा बर्फ पडलाय आणि तुम्हाला करवत कशाला हवीय?

… नाही, आधी कशाला ते सांगा… मग मी सांगते कुठे आहे.

… कधी?… पहाटे? मग आवाज नाही आला तुम्हाला?… कसा येईल! कानातलं मशीन उशाशी काढून ठेवलेलं असणार. आत्ता तरी घातलंय का?… चार्जिंगला. झालं! म्हणून मी मघापासून घसा फोडतेय.

बरं, बरं. पुढे सांगा. शेजारच्या इव्हारकाकांचा एल्म… हो, माहितीये ते झाड त्यांचं आहे. अख्ख्या डनरॉकला माहितीये तो एल्म सोलबर्गांचा आहे, ह्नातिउकांचा नाही. तुम्ही सहा वर्षं तेच ऐकवताय सगळ्यांना. सगळा पडला?… अर्धा. बेचक्यातून फाटला… आणि कुंपणावर आडवा. गॅरेजला लागलंय का काही?… पन्हळ तुटली. एवढंच ना? मग जाऊ दे की, पन्हळच आहे.

हो, पानं गळायच्या आतच बर्फ आला ना यंदा. पानापानावर ओला बर्फ बसला की कुठलं झाड टिकणार… इथे सास्काटूनमध्ये तेच. आमच्या गल्लीत फांद्या ओलांडत ओलांडत आले मी सकाळी. आणि उन्हाळाभर पाऊस नाही. मी ऑगस्टमध्ये म्हटलं होतं, त्या झाडांना मुळाशी चांगलं पाणी सोडा… त्यांचं झाड, तुम्ही का सोडाल. बरोबर.

झाडवाल्यांना फोन केलात?… काय म्हणाले?… गुरुवारी. मग गुरुवारी. अहो, सगळ्या गावाची झाडं मोडलीत, ते बिचारे किती ठिकाणी पुरे पडणार?

नाही… नाही, बाबा. तुम्ही नाही कापायचं… कारण तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहात! आणि कारण अशी अर्धवट तुटलेली फांदी ताणलेली असते. एकीकडे करवत लावली की दुसरीकडून उसळून थोबाडावर येते… मला कोणी शिकवलं? आमच्याकडे आला होता ना एक जण, मागच्या वादळानंतर. समोरचे दात रुमालात बांधून घेऊन आला होता.

करवत?… सांगते. पण ओरडायचं नाही… शेडमध्ये शोधू नका. तळघरातही नाही. ती इथे आहे. माझ्याकडे… हो, नेली. ईस्टरला आले होते तेव्हा डिकीत घालून आणली. तुम्ही पेरोगी तळत होतात तेव्हा…

झालं बोलून?… हो, चोरी. चोरीच म्हणा. बाबा, शिडीवर उभं राहून एका हाताने करवत चालवताना पाहिलंय मी तुम्हाला. दुसऱ्या हातात कॉफी होती!… लांबून हुकूम सोडते? हो, सोडते. हायवे बंद आहे म्हणून लांबून सोडते, नाहीतर समोर येऊन सोडला असता.

हातकरवतही नाही… शिडीही नाही… अगं आई गं, काय हट्टी माणूस आहे हा… तुम्हालाच म्हणतेय, दुसऱ्या कोणाला म्हणू!

ऐका. ऐका ना जरा. फांदीखाली जायचं नाही. वर बर्फ अडकलाय तो झाडूने बडवायचा नाही. या थंडीत लाकूड काचेसारखं होतं, कडाडकन तुटतं… आणि फाटलेल्या जागी डांबर फासायला जाऊ नका. ती तशीच उघडी ठेवायची, झाड आपलं आपण भरून काढतं… तुमचे वडील फासायचे, म्हणून काय झालं?… बरं, आजोबांना काही बोलत नाही मी.

इव्हारकाकांना सांगितलंत का पण?… त्यांचं झाड पडलंय, त्यांना नको कळायला?… बोलत नाही म्हणजे काय! बाबा, कुंपणाला कुंपण लागून घरं आहेत. हेल्गाकाकू गेल्या तेव्हासुद्धा तुम्ही लांब, रस्त्याच्या पलीकडे उभे होतात. आणि कशावरून? तर भर जूनमध्ये तुम्ही त्यांच्या झाडाची आपल्या बाजूची फांदी कापलीत. उन्हाळ्यात एल्म कापायला बंदी असते हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? ताज्या कापावर ते किडे येतात, झाडाला रोग लागतो… हो, त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली. केली! मग? चूक कोणाची होती?…

त्यांची. बरं. आपण हा विषय सोडू.

टॅन्सी, एकच मिनिट गं. डॉक्टरांना म्हणावं फाइल टेबलावरच आहे… नाही, बाबांचा फोन. करवत मागतायत… हसू नकोस.

हॅलो? हे काय, दाराचा आवाज आला मला. कुठे निघालात?… नुसतं बघायला. टोपी?… बूट तरी नीट घातलेत ना? लांबूनच बघायचं हं. फोन चालू ठेवा. खिशात नाही टाकायचा… कळतं मला तुम्ही काय करता ते. खिशात फोन टाकायचा आणि मग म्हणायचं, ऐकू आलं नाही.

… थांबा.

बाबा, थांबा जरा. चालू नका. तुमच्या पायाखालच्या बर्फाची कचकच येतेय, मला दुसरं काही ऐकू येत नाहीये… उभे राहा म्हणते ना!

… कोणीतरी ओरडतंय मागे… टीव्ही नाही, तुम्ही बाहेर आहात… कावळे? बाबा, कावळे 'ओरेस्ट' म्हणत नाहीत! तुमच्या नावाने हाका मारतंय कोणीतरी!

… नाही, मी वेडी झालेली नाही. फोन कानाला लावू नका. वर धरा. हवेत. हात लांब करून धरा…

…

हो. आला. परत आला… आता ऐका, फोन कानाला घ्या. ऐकताय? कुंपणाकडून येतोय बहुतेक… आता कुठल्या टोकाकडून ते मला इथून कसं कळणार! हळूहळू चाला. फांदीपासून लांब राहा. नुसतं वाकून बघा.

… काय दिसतंय?… बूट? कुणाचा बूट?

बाबा?

बाबा, बोला ना!

… देवा रे. इव्हारकाका.

हलतायत का?… डोळे उघडे आहेत?… पाय अडकलाय. एकच की दोन्ही?… एक. रक्त?… दिसत नाही. हातात काय आहे?… झाडू. म्हणजे हे वरचा बर्फ झाडायला आले आणि उरलेलं लाकूड अंगावर आलं. किती वेळ झाला असेल हो?… तुम्हाला कसं कळणार. तुम्ही आत नाश्ता करत होतात आणि हे इथे…

थांबा! हात लावू नका! बाबा! तार!

… विजेची तार! खांबावरून त्यांच्या घरात जाते ती. वर आहे का?… तशी नाही, नीट बघा. वर आहे का?

… मग कुठेय?… फांद्यांत.

मागे या. आत्ताच्या आत्ता मागे या… पाय उचलू नका, घासत घासत या. छोटी छोटी पावलं… कारण जमिनीतूनही वीज येते! सकाळपासून रेडिओवर तेच ओरडतायत. कुंपणाला हात लावला नाहीत ना? ते लोखंडी जाळीचं आहे!… नाही ना? नक्की?… या. अजून मागे. मध्ये दोन ट्रक मावतील एवढे मागे या.

टॅन्सी! टॅन्सी, तो दुसरा फोन घे! नाइन-वन-वन लाव. सांग, डनरॉक, सेकंड स्ट्रीट. ह्नातिउक आणि सोलबर्ग, दोन घरांच्या मध्ये. म्हातारा माणूस झाडाखाली अडकलाय, शुद्धीवर आहे, आणि विजेची तार पडलीय. तार आधी सांग! वीज कंपनीला कळवायला सांग!… डॉक्टरांना म्हणावं, बोंबला!

हॅलो? बाबा? कुठे आहात?… परत पुढे का गेलात! मी काय सांगितलं?… नाही, तार मेलेली नाही. कशावरून मेलेली?… त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा गेलाय म्हणून? अहो, घराकडची जोडणी तुटली म्हणून दिवा गेला असेल. खांबाकडून येणारी जिवंत असली तर?… तुमचा दिवा लागतोय ना? मग! त्याच खांबावरून येतो तो… लाकडी काठीने पण नाही. ओली काठी आहे ती… रबरी बूट आहेत तर आहेत. ते बूट तुम्ही शेण काढायला घेतले होते, विजेच्या तारा उचलायला नाही!

… माहितीये मला. माहितीये, बाबा, ते थंडीने गारठलेत… हो. दिसतंय तुम्हाला. मला दिसत नाहीये म्हणून मी बोलतेय असं वाटतं का?

काय?… काय म्हणालात?

… 'माणसाला असं मरू द्यायचं का?' नाही द्यायचं! पण तुम्ही हात लावलात तर दोघंही जाल. मग मी काय करू? बंद हायवेच्या या टोकाला बसून मी काय करू, सांगा ना! त्या दिवशी आई गेली तेव्हाही मी अशीच फोनवर होते. मला परत नाही व्हायचं तसं… … नाही. रडत नाहीये… जा मागे. माझ्यासाठी जा.

… आलात? शपथ?… बरं.

आता त्यांना काहीतरी पांघरायला हवं. अंगात काय आहे त्यांच्या?… नुसता स्वेटर! तुम्ही सगळे एकाच साच्यातले. आत जा, आधी कानातलं मशीन घाला, आणि ते लोकरीचं ब्लँकेट आणा, सोफ्यावरचं. कोरडंच हवं. आणि लांबून फेकायचं, जवळ जायचं नाही. त्यांना सांगून जा, हां, नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही निघून गेलात… हो, बोलावं लागेल. एक वाक्य बोललात तर जीभ झिजणार नाही… मोठ्याने. मला ऐकू आलं पाहिजे.

… हं. ऐकलं.

काय गं टॅन्सी?… अग्निशामकवाले निघालेत. बरं. आणि वीज कंपनी?… विन्स्लोमध्ये? त्यांचा माणूस विन्स्लोमध्ये काय करतोय?… हो, तिथेही तारा पडल्यात, सगळीकडेच पडल्यात… म्हणजे खांबावरची वीज बंद होईपर्यंत हे नुसते येऊन बघत बसणार? त्यांना परत लाव. सांग, उणे तीन आहे बाहेर आणि माणूस स्वेटरवर आहे… मला कळतंय गं, तुझ्यावर नाही ओरडत.

हॅलो, बाबा? आणलंत? धापा टाकू नका एवढ्या… फेका. गोळा करून फेका… पोचलं?… अलीकडेच पडलं? त्यांचा हात पोचतोय का?… नाही. आणायला जाऊ नका! राहू दे ते! दुसरं काहीतरी… काय काढताय?… तुमचा कोट? मग तुम्ही?… बरं, फेका. बाह्या आत दुमडा, जड होऊ दे, आणि मग फेका. हॉकी खेळायचात ना, नेम धरा.

… पोचला? थेट तोंडावर? … काय म्हणाले?… शिवी दिली! दिली ना? चांगलं आहे. शिवी देण्याइतके शाबूत आहेत. आता छाती झाकायला सांगा, मान झाकायला सांगा.

बाबा, आता ऐका. महत्त्वाचं. त्यांना झोपू द्यायचं नाही… डोळे मिटतायत? नाही मिटू द्यायचे! थंडीत झोप लागली की संपलं. बोला त्यांच्याशी… काय बोलू म्हणजे? काहीही! हवामान, हॉकी, मुलगा व्हँकुव्हरला कसा आहे… माहीत नाही? मग विचारा!… आता तुम्ही लाजताय का चक्क? बाबा, तो माणूस गारठतोय आणि तुम्हाला काय बोलावं ते सुचत नाहीये?

मग भांडा!

… हो, भांडा! मनात आहे ना ते सगळं? सहा वर्षं मला ऐकवताय दर रविवारी फोनवर. ते त्यांना ऐकवा ना. पूर्ण ऐकवा. सुरुवात करा… नगरपालिकेपासून करा.

…

हं… आवाज येतोय… अजून मोठ्याने, त्यांच्यापर्यंत गेलं पाहिजे… उत्तर देतायत? काय म्हणतात?… तुम्ही एकाच बाजूने कापलंत म्हणून झाडाचा तोल गेला. बरोबरच आहे की!… नाही, नाही, मी त्यांची बाजू नाही घेत. म्हणा, 'साफ खोटं.' ओरडून म्हणा… वा. पुढे… त्यांची पानं तुमच्या पन्हळीत. हे जुनं आहे, पण चालेल… कुत्र्याचं काढलं त्यांनी? कुठला कुत्रा?… आपला बस्टर? बस्टरला जाऊन किती वर्षं झाली! त्याने त्यांचे टोमॅटो उकरले होते? मला नाही आठवत… तुम्हाला आठवतंय. म्हणजे उकरले होते. कबूल करू नका आत्ता, भांडण संपेल.

टॅन्सी, बघ ना, आता काय म्हणतात… आले? अग्निशामकवाले आले? बाबा, दिसतायत का कोणी?… वळणावर लाल दिवा. हो, ते लांबच थांबतील. वीजवाला येईपर्यंत. त्यांच्यावर डाफरू नका, त्यांचंही काही चालत नाही… तुम्ही इव्हारकाकांवर डाफरा. चालू ठेवा.

… का गप्प झालात?

बाबा? का गप्प झालात दोघं?… ते ठीक आहेत ना?… मग काय झालं? काय म्हणाले ते?

… परत सांगा. मला नीट ऐकू नाही आलं.

… आपल्या गॅरेजवर झुकलेली फांदी होती?… तिच्यावरचा बर्फ झाडत होते? आपल्या गॅरेजवर पडू नये म्हणून?

…

बाबा?… पुढे सरकू नका, कचकच ऐकू येतेय मला.

… बरं. उभे राहा नुसते. पण त्यांना दिसाल असे उभे राहा. त्यांचे डोळे उघडे आहेत ना? तुमच्याकडे बघतायत ना?… झालं मग.

कोण आलं?… वीज कंपनीची गाडी! टॅन्सी, आले गं आले! … खांबावर चढतायत? गाडीवरच्या पाळण्यातून वर गेले. बरं. सांगा मला. सांगत राहा… तुमचा दिवा गेला? घरातला? म्हणजे बंद केली. बाबा, आता त्यांना करू द्या! तुम्ही मध्ये जाऊ नका!… पोचले का त्यांच्याजवळ? किती जण आहेत?… मशीनची करवत चालू झाली, ऐकू येतेय मला… नुसतंच धप्प झालं… निघाला पाय? निघाला का?… … देवा, देवा. काय म्हणतात ते?… मोडलाय. नडगीत. बोटं हलतायत? हलतायत!… 

नाही हो, रडत नाहीये. सर्दी आहे मला.

स्ट्रेचरवर… विन्स्लोच्या हॉस्पिटलमध्ये. हो, तेच जवळचं. बाबा, आता तुम्ही आत जा. अंगावर कोट नाही तुमच्या, घरात वीज नाही. शेगडी पेटवा, बोर्श्च आहे ना उरलेलं, ते गरम करा… नाही म्हणजे काय?… मग कुठे जाताय?

अँब्युलन्समध्ये? तुम्ही?… कोण येऊ देणार तुम्हाला? नात्यातलाच माणूस लागतो त्यांना… विचारलं?… मग काय सांगितलंत?

… भाऊ?

बाबा, ते सोलबर्ग आणि आपण ह्नातिउक! ते नॉर्वेजियन, आपण युक्रेनियन! कोण विश्वास ठेवणार याच्यावर?… ठेवला?… आणि इव्हारकाका? त्यांनी नाही म्हटलं नाही?

… काय म्हणाले?… मोठ्याने बोला, दार लावतायत वाटतं ते…

'धाकटा आहे, डोक्याने जरा कमी आहे, पण येऊ दे.'

… असं म्हणाले? आणि तुम्ही ऐकून घेतलंत?… तुम्ही?… तुमचा हात धरलाय? कशाला?… अहो, मग सोडवून कशाला घेताय, धरू दे की! फोन ठेवा आणि… हॅलो?

हॅलो?… बाबा?

… ठेवला.